ऑइल वर जातं, खाली यायला तयार नाही: जुनी डिझेल कार, दारव्हा तालुका

पऱ्हाटीवाला

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लावतो, कारण अर्धी माहिती टाकली की पहिले दहा प्रतिसाद "मॉडेल कोणतं, किती चालली" यातच जातात.

गाडी २०१२ ची डिझेल, चार सिलिंडर, टर्बो. दुसऱ्या हातची. मीटरवर १ लाख ६८ हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच भरकटतो. वापर म्हणाल तर शेत ते गाव ४ किलोमीटर, दिवसाला तीन-चार फेऱ्या, त्यातला अर्धा रस्ता पांदणीचा. आठवड्यातून एकदा यवतमाळ. ऑइल १५डब्ल्यू४०.

आता दुखणं. संध्याकाळी गाडी लावली, दहा मिनिटांनी ऑइल मोजायची पट्टी ओढली की ऑइल मिनच्या खुणेखाली. मी बिचारा अर्धा लिटर ओततो. सकाळी सहज बघितलं तर मॅक्सच्या वर! मला वाटलं माझीच नजर गेली. गेल्या महिन्यात साळीला सोडायला संभाजीनगरला गेलो, कारंज्याहून समृद्धीवर चढलो. ११० च्या आसपास वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील, तर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. ७० वर आणली, दोन मिनिटांत विझला. परत ११०, परत लुकलुक. शेवटी ७०-८० नेच रडतखडत गेलो. गावात मात्र दिवा कधीच लागत नाही, गरम इंजिन आयडलवर असतानासुद्धा नाही.

आणि पेट्रोल पंपावर लाईनीत गाडी पाच-सात मिनिटं चालू राहिली, मग अ‍ॅक्सिलेटर दिला, की मागे निळसर धूर. मागचा मोटारसायकलवाला शिव्या देतो.

खाली एक थेंब गळत नाही. गाडी गोठ्याशेजारी शहाबादी फरशीवर उभी असते, फरशी कोरडी ठाक.

मेकॅनिकने पाच मिनिटं आवाज ऐकला आणि सांगितलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, फुल इंजिन काम, ६५ हजार. तूर विकून इंजिन करू का? कोणी अनुभवी असेल तर सांगा.

झुणका_भाकर

काऊन एवढं डोकं लावून राहिले भाऊ. १ लाख ६८ हजार म्हणजे म्हतारी झाली गाडी. म्हतारी माणसं औषध खातात, गाडी ऑइल खाते. अर्धा लिटर टाकत जा अन् चालवत राहा.

जुना_फिटर

नाही, ते अर्धा लिटर टाकणं आजपासून बंद.

मी परतवाड्याचा. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. तुमच्या सगळ्या लिखाणात कामाची ओळ एकच आहे: रात्री कमी, सकाळी जास्त. रिंगा गेलेली गाडी ऑइल जाळते. जळालेलं ऑइल सकाळी परत येत नाही. तुमचं परत येतंय. म्हणजे ते इंजिनातच कुठेतरी अडकून बसतं आणि रात्रभर थेंब थेंब करून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतं.

पंप ऑइल वर फेकतो, कॅमशाफ्टला, टॅपेटला, टर्बोला. वर न्यायला पंप आहे, खाली आणायला कोणी नाही. खाली ते फक्त आपल्या वजनाने येतं, हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, जी भोकं ठेवलेली असतात त्यातून. ती भोकं बुजली की वर तळं आणि खाली कोरड. समृद्धीवर तेच झालं. आरपीएम वाढला, पंपाने भराभर वर फेकलं, उतरायला वाट नाही, चेंबरातली पंपाची जाळी ऑइलऐवजी हवा ओढायला लागली, दिवा लागला. हळू केलं, उतरायला वेळ मिळाला, दिवा विझला. बेअरिंग घासल्या असत्या किंवा पंप म्हातारा झाला असता तर गरम आयडलवर, सिग्नलला दिवा आधी लागला असता. तुमचं नेमकं उलटं आहे.

दिवा लागल्यावर गाडी चालवली यासाठी मात्र तुम्हाला माझ्या वर्कशॉपात दिवसभर पाने पुसायला बसवलं असतं. लाल दिवा म्हणजे बाजूला घ्या, इंजिन बंद. ७० नाही, शून्य.

आणि टॉप-अप का बंद, तेही ऐका. सकाळी मॅक्सच्या वर असलेल्या ऑइलात क्रँक आपटते, फेस होतो. फेस ब्रीदरमधून, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेने, टर्बोच्या तोंडाशी जातो. डिझेल इंजिनाला आपलंच ऑइल जाळायची चटक लागली तर चावी काढली तरी ते थांबत नाही, वेग वाढतच जातो. मी एकदा बघितलंय, सगळे वर्कशॉप सोडून पळाले होते. असं झालं तर वरचा गिअर टाकायचा, ब्रेक गच्च दाबायचा आणि क्लच सोडायचा. हवेच्या तोंडावर हात कधी ठेवू नका.

बुलडाणा_बुलेट

काका, साधं आहे. इंजिन फ्लशची बाटली टाका, पंधरा मिनिटं आयडल, सगळी घाण बाहेर. नाहीतर जुनी पद्धत, दोन लिटर डिझेल चेंबरमध्ये टाकून चालवायचं. आमच्याकडे ट्रॅक्टरला असंच करतात. मग २०डब्ल्यू५० टाका. विदर्भाच्या उन्हाला पातळ ऑइल चालतच नाही.

जुना_फिटर

ट्रॅक्टरला करतात म्हणून ते बरोबर आहे असं नाही. डिझेलमध्ये वंगण किती? पंधरा मिनिटं टर्बोच्या शाफ्टला ते पाजायचं?

आणि भोकं खरंच बुजलेली असतील तर फ्लशने घाण विरघळत नाही, पोपडे सुटतात. पोपडे खाली जाऊन जाळीवर बसतात. मग वरचं दुखणं खाली येतं आणि दिवा गावातच लागतो. फ्लश हे थोडी मळलेल्या इंजिनाचं काम आहे. तुंबलेल्याचं नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी

मी इंजिन टेस्टिंगमध्ये काम करतो, मूळ दिग्रसचा. काकांचं निदान मला पटतं, पण ६५ हजारवाल्यालाही लगेच खोटं पाडू नका.

हेडची जी भोकं आहेत ना, त्यातून ऑइल खाली येतं आणि त्याच वाटेने चेंबरातला वायू वर जातो. रिंगांच्या फटीतून थोडा वायू प्रत्येक इंजिनात खाली निसटतोच, तो वर येऊन ब्रीदरमधून बाहेर पडतो. अरुंद बोळीत एका बाजूने बैलगाडी आणि समोरून दुसरी, तशी गत. रिंगा फार घासल्या की वायू वाढतो आणि तोच ऑइलला वर धरून ठेवतो. भोकं स्वच्छ असली तरी. ब्रीदर तुंबला तरीही तेच, कारण वायूला बाहेर पडायला जागा नाही आणि चेंबरात दाब वाढतो.

टर्बोचंही तसंच. टर्बोतून परत येणारा पाइप जाड असतो, त्यात दाब नसतो, ऑइल नुसतं ओघळत येतं. चेंबरात दाब असेल किंवा तो पाइप आतून करपून अरुंद झाला असेल तर टर्बोतलं ऑइल सीलमधून बाहेर सरकतं. आयडलवर साचतं, अ‍ॅक्सिलेटर दिला की निळा धूर. तुमच्या पेट्रोल पंपावरच्या धुराचं हे एक कारण असू शकतं.

२०डब्ल्यू५० ला माझाही विरोध. बाहेर ४६ अंश असलं काय आणि ३० असलं काय, गरम इंजिनात ऑइल साधारण १०० च्या आसपास असतं. त्यात घट्ट ऑइल बुजक्या भोकातून आणखी सावकाश उतरेल.

आता पैसे न लागणाऱ्या तपासण्या. गाडी सपाट जागेवर, रोज त्याच जागेवर. इंजिन पूर्ण गरम करून बंद करा आणि पट्टी १० मिनिटांनी, अर्ध्या तासाने, एका तासाने आणि सकाळी सुरू करायच्या आधी बघा. पट्टीला मोजपट्टी लावून मिलिमीटर लिहा, "थोडं वर, थोडं खाली" नको. मग गरम आयडलवर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवा. बारीक थरथरलं तर ठीक, उडून बाजूला पडलं तर वायू जास्त आहे. आणि टर्बोकडून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) जाणारा होज काढून बोट फिरवा.

अकोट_फाटा

चेंबर बघितला का खालून? पांदणीत दगड लागून पोचा पडतो. माझ्या गाडीला पडला होता.

पुण्यातला_वऱ्हाडी

@अकोट_फाटा, बघायलाच हवा. पोचा जाळीपर्यंत गेला तर जाळीचं तोंड दाबलं जातं आणि प्रेशर पडतं. पण पोच्याने चेंबरची जागा कमी होते, म्हणजे पट्टीवर ऑइल जास्त दिसेल, आणि ते सकाळ-संध्याकाळ सारखंच दिसेल. इथे फरक पडतोय.

पऱ्हाटीवाला

तीन दिवस केलं. बायको म्हणते, पोराच्या अभ्यासाच्या वहीत एवढे आकडे लिहिले नाहीत कधी.

पट्टीवर मिन ते मॅक्स अंतर २० मिलिमीटर. मॅन्युअलप्रमाणे हे एक लिटर, म्हणजे १ मिलिमीटरला ५० मिली. मिनपासून वर मोजलं:

१० मिनिटांनी २
अर्ध्या तासाने ८
एका तासाने १४
सकाळी २५

तिन्ही दिवस एखाद्या मिलिमीटरचा फरक, बाकी तेच. म्हणजे १० मिनिटं ते सकाळ २३ मिलिमीटर, सव्वा लिटरला थोडं कमी. शेजाऱ्याच्या पेट्रोल गाडीवर हाच प्रयोग केला, तिथे फरक ३ मिलिमीटर.

झाकण थरथरतं, उडत नाही. पण झाकणाच्या आत पांढरट-पिवळा थर आहे, ताकावर लोणी यावं तसा. हेड गॅसकेट गेलं की काय? रेडिएटरचं पाणी कमी होत नाही, पाण्यावर तवंगही नाही.

होजमध्ये बोट फिरवलं, ओलं निघालं. वाहत नव्हतं, पण बोटाच्या पेरापर्यंत काळं. चेंबर खालून बघितला, खरचटलेला आहे, पोचा नाही.

जुना_फिटर

ते लोणी तुमच्या ४ किलोमीटरच्या फेऱ्यांचं आहे. पाण्याचा काटा अर्ध्यावर येतो तेव्हा ऑइल अजून कोमटच असतं. ते तापायच्या आत तुम्ही गाडी बंद करता. आतला ओलावा उडत नाही, ऑइलात कालवला जातो. अशा गाडीचं ऑइल १० हजार किलोमीटरची वाट बघत ठेवायचं नसतं. ५ हजाराला काढा.

सव्वा लिटर म्हणजे साडेतीन लिटरच्या इंजिनातला तिसरा हिस्सा वर लटकलेला. टॅपेट कव्हर, म्हणजे हेडवरचं झाकण, उघडा.

धामणगावची_ताई

माझ्या पेट्रोल गाडीला फक्त सकाळी पहिल्यांदा सुरू केली की धूर यायचा आणि घाट उतरताना. वॉल्व सील निघाले. दादांचा धूर आयडलनंतर येतो म्हणून विचारते, सील नसतील?

पुण्यातला_वऱ्हाडी

ताई, चांगला प्रश्न. उतारावर पाय काढला की पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद होतो आणि आत जोराची ओढ तयार होते, ती सीलमधून ऑइल खेचते. डिझेलला तेवढी ओढ नसते. पण हेडवर ऑइलचं तळं असेल तर वॉल्वच्या गाईड त्यात बुडलेल्या राहतात, मग बरे सीलही पुरत नाहीत. म्हणून आधी तळं उपसायचं आणि मग सीलवर आरोप.

पऱ्हाटीवाला

उघडलं! रविवारी गोठ्यात चुलतभावाला घेऊन बसलो. गाडी अर्धा तास चालवली, बंद केली, दहा मिनिटांत कव्हरचे बोल्ट काढायला घेतले. हात भाजले ते वेगळं.

कव्हर उचललं तर गिअरबॉक्सच्या बाजूला ऑइल चक्क थारोळं करून उभं. कॅमशाफ्टचे शेवटचे दोन लोब अर्धे बुडालेले. दुसऱ्या टोकाला हेड उघडं दिसत होतं, तिथलं एक भोक मोकळं होतं म्हणून गाडी आजवर चालली म्हणायची. भिंतींवर थर, चुलीवरच्या कढईच्या बुडाची खरड असते तसा, नखाने निघतो.

आता खरी गंमत. तळ्यातलं ऑइल सिरिंजने ओढून काढलं आणि टॉर्च मारली. भोकाच्या तोंडावर राखाडी रबरासारखं काहीतरी. चिमट्याने ओढलं तर लांबच्या लांब दोरी निघाली, बोटभर. त्याच्या पाठोपाठ दुसरी. सिलिकॉन! आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी कव्हरला नवीन गॅसकेट घालण्याऐवजी सिलिकॉनचा मलिदा लावला असणार. दाबल्यावर जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही जातं ना! आतलं सुटून भोकात बसलं आणि त्याच्यावर वर्षानुवर्षं खरड साचली. बाहेरून मात्र गाडी एक थेंब गळत नव्हती, म्हणून मी घेताना खूश झालो होतो.

सिलिकॉन काढल्यावर अर्धा लिटर ऑइल त्या बाजूला ओतून बघितलं. चुलतभावाने मोबाईलवर वेळ लावली. पावणेचार मिनिटांनीही तळाशी होतंच. मोकळ्या भोकाकडे तेवढंच ओतलं तर गटकन गेलं. म्हणजे आत अजून आहे. तार घालून ढकलू का?

जुना_फिटर

ढकलू नका! थांबा. ढकललेलं सगळं चेंबरात, तिथून जाळीत.

आधी चेंबर उतरवा. मग वरून तार चालेल, पण टोक वाकवून, खरवडायला नाही तर ओढायला. वरून पातळ ऑइल सोडत राहा, खाली परात ठेवा. हेडच्या भोकाच्या खाली ब्लॉकमध्येही तीच वाट आहे, तीही मोकळी हवी. चेंबर काढलाच आहे तर जाळी धुवा, सिलिकॉनचे तुकडे तिथे हमखास सापडतील. कव्हरच्या आतल्या बाजूला ब्रीदरचा पत्रा असतो, त्याच्या खाली बारीक छिद्रं असतात, वायूतलं ऑइल वेगळं होऊन तिथून परत येतं. ती बुजली की ऑइल सरळ टर्बोच्या तोंडात. टर्बोचा परतीचा पाइप काढून आरपार बघा, नुसता उजेड दिसला म्हणून समाधान मानू नका, बोट घाला.

आणि परत बसवताना कव्हरला नवीन गॅसकेट. चेंबरला सिलिकॉन लागतं तिथे मुगाच्या दाण्याएवढी बारीक रेघ, आणि वाळायला वेळ द्या. चेंबरच्या नटाचा वॉशर नवा.

झुणका_भाकर

ते निघालेलं काळं ऑइल फेकू नका बावा, कुंपणाच्या बल्ल्यांना लावा, वाळवी लागत नाही. आमच्या आज्यापासून चालत आलं.

धामणगावची_ताई

आणि ते पावसात धुऊन विहिरीत गेलं की? कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, तिथून गोळा करणारे नेतात.

झुणका_भाकर

विहीर दूर हाय ताई. पण ठीक हाय, देतो.

पऱ्हाटीवाला

उशीर झाला लिहायला, मधे कापसाची वेचणी सुरू झाली आणि सीतादहीच्या, म्हणजे वेचणीच्या पूजेच्या दिवशी तरी गाडीखालून निघ असं घरून बजावलं गेलं.

चेंबर उतरवायला यवतमाळला दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो, दिवसभर शेजारी स्टुलावर बसून होतो. सकाळी थंड गाडीतून ऑइल काढलं, मोजलं, ३ लिटर ७०० मिली. म्हणजे मीच जास्त भरून ठेवलं होतं. जाळीवर सिलिकॉनचे सहा तुकडे आणि काळी खरड, साधारण एक तृतीयांश जाळी बंद. ब्रीदरच्या पत्र्याखालची तीन छिद्रं होती, त्यातली दोन बंद. टर्बोच्या पाइपमध्ये करंगळीसुद्धा जाईना, तो नवीनच घातला. टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून बघितला, किंचित खेळतो, पण पंखा आजूबाजूला घासत नाही. तो तसाच ठेवला.

दिव्याच्या स्विचच्या जागी गेज लावून प्रेशर बघितलं. गरम आयडलला १.२ बार, ३ हजार आरपीएमला साडेतीन. काटा तिथेच पाच मिनिटं स्थिर.

ऑइल, फिल्टर, गॅसकेट, पाइप, मजुरी धरून ७ हजार ४०० रुपये.

पट्टीचे नवे आकडे: १० मिनिटांनी १५, सकाळी १८.

धूर पूर्ण गेला नाही. पंपावर दहा मिनिटं उभी राहिली तर एक हलका फुसका येतो.

पुण्यातला_वऱ्हाडी

१५ आणि १८, झकास. प्रेशरही उत्तम. धुराचं लगेच मनावर घेऊ नका, इंटरकूलरमध्ये जुनं ऑइल साचलेलं असेल. तो काढून धुतला का? हजार किलोमीटर चालवा आणि तोवर टॉप-अप न करता नोंद ठेवा. त्यानंतरही धूर असेल तर टर्बोचे सील किंवा वॉल्व सील. आणि समृद्धीवर आत्ताच जाऊ नका.

जुना_फिटर

हे ऑइल हजार किलोमीटरला काढा, हळहळू नका. सुटलेली खरड अजून येत राहील. फिल्टर फेकू नका, पत्रा कापून कागद उलगडा आणि उन्हात धरा. धातूची चमकी दिसली तर मला सांगा.

पऱ्हाटीवाला

काका, कापला. १ हजार ४० किलोमीटरला. कागद काळा, वाळूसारखी थोडी खरड, सिलिकॉनचा एक तुकडा तिळाएवढा. चमकी नाही. लोहचुंबक फिरवलं, काही चिकटलं नाही. पट्टी या हजारात २ मिलिमीटर खाली आली. इंटरकूलर धुतला, त्यातून वाटीभर निघालं, तेव्हापासून पंपावर मागचा मोटारसायकलवाला गप्प आहे.

६५ हजारवाल्या मेकॅनिकला बाजारात सिलिकॉनची दोरी दाखवली. तो म्हणाला, "हे तर मी पण सांगणार होतो."